हर्नियाच्या पिशवीत गाठ सापडली, तर पहिला प्रश्न ‘कुठून आली?’

हर्नियाचं ऑपरेशन सांगली-मिरजेकडे रोजचंच. सकाळी दाखल व्हायचं, कमरेत इंजेक्शन, तास-दीड तासात जाळी बसवून पेशंट बाहेर, एक-दोन दिवसांत घरी. नातेवाईकही निर्धास्त असतात. कुणी डबा आणायला गेलेलं असतं, कुणी यार्डातलं काम उरकून येणार असतं. आणि अशातच सर्जन थिएटरच्या दारात येऊन म्हणतात, ‘हर्निया नीट झाला, पण पिशवीत जरा वेगळं दिसलं. तुकडा तपासायला पाठवतोय.’

तिथून पुढे रिपोर्ट येईपर्यंत घरात एकच प्रश्न फिरत राहतो: कॅन्सर तर नसेल? प्रश्न साहजिक आहे. पण पेशंटचं पुढचं सगळं ज्यावर ठरतं तो प्रश्न वेगळा आहे. असलाच, तर तो आला कुठून? कारण हर्नियाच्या पिशवीत सापडणारा कॅन्सर बहुतेक वेळा त्या पिशवीचा नसतो. त्याचं मूळ दुसरीकडे असतं आणि उपचार त्या मुळाचा करायचा असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे वाचताना उगाच धास्ती वाटणार नाही. हे फार क्वचित घडतं. आजवरच्या वैद्यकीय नोंदींनुसार ऑपरेशनमध्ये काढलेल्या हर्नियाच्या पिशव्यांपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिशव्यांत कॅन्सर आढळतो. तुमच्या घरात कुणाचा हर्निया असेल तर तो बहुधा नुसता हर्नियाच आहे.

पिशवी म्हणजे नेमकं काय

आपलं पोट आतून एका पातळ, ओलसर अस्तराने मढवलेलं असतं. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्याच्या बाहेर स्नायूंची भिंत. जांघेत, बेंबीत किंवा जुन्या ऑपरेशनच्या जागी ही भिंत कमजोर असते. टायरला चीर पडली की आतली ट्यूब जशी फुग्यासारखी बाहेर येते, तसं हे अस्तर त्या फटीतून बाहेर येतं. हीच हर्नियाची पिशवी. तिच्यात कधी आतडं उतरतं, कधी आतड्यांवरचा चरबीचा पडदा, कधी काहीच नसतं.

भिंत कमजोर असली की पोटातल्या दाबाने फट मोठी होते. हळदीची पोती वाहणारे हमाल, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारे तोडकरी, जुना खोकला असणारे, प्रोस्टेट वाढल्याने लघवीला जोर करणारे, वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ असणारे अशांना त्रास होतो तो म्हणून.

इथे एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. पोटातला दाब कशाने वाढला, याचं उत्तरच कधीकधी कॅन्सर असतं. मोठ्या आतड्यात गाठ वाढत असेल तर शौचाला जोर करावा लागतो. अंडाशयाच्या कॅन्सरने पोटात पाणी साठलं तर बेंबी बाहेर येते. अशा माणसाला हर्निया खराच असतो, पण तो आतल्या दुखण्याचा परिणाम असतो. आपण परिणामाचं ऑपरेशन करून मोकळे होतो आणि कारण आत तसंच राहतं.

आत, भिंतीत की बाहेर

फ्रेंच सर्जन लेजार यांनी १८८९ साली या गाठींचे तीन प्रकार मांडले. ती विभागणी आजही वापरली जाते, कारण ती सोपी आहे आणि गाठ कुठून आली असेल याचा पहिला अंदाज तिथेच येतो.

पहिला प्रकार: गाठ पिशवीच्या आत उतरलेल्या अवयवाची. डाव्या जांघेतल्या हर्नियात मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड नावाचा भाग उतरू शकतो, आणि त्यालाच कॅन्सर असू शकतो. उजव्या बाजूला मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग किंवा अपेंडिक्स असतं. हर्नियात अपेंडिक्स सापडणं नवीन नाही. अपेंडिक्स काढल्याची जगातली पहिली नोंद आहे तीच मुळी हर्नियाच्या पिशवीतली: १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमायंड यांनी ११ वर्षांच्या मुलावर ती शस्त्रक्रिया केली होती. त्या मुलाला कॅन्सर नव्हता, हे सांगायला हवंच.

दुसरा प्रकार: गाठ पिशवीच्या भिंतीतच, म्हणजे त्या अस्तरावर. हा नीट समजून घ्यायला हवा. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती नेहमीच थोडा द्रव असतो. श्वासाबरोबर, आतड्यांच्या हालचालीबरोबर तो फिरत राहतो. अंडाशय, जठर, स्वादुपिंड, अपेंडिक्स, मोठं आतडं यांपैकी एखाद्या अवयवातला कॅन्सर त्या अवयवाची भिंत ओलांडून बाहेर आला, की त्याच्या पेशी सुट्या होऊन या द्रवात मिसळतात. द्रव जिथे साचतो तिथे त्या पेशी बसतात, अस्तराला चिकटतात आणि वाढायला लागतात. ओटीपोटाचा तळ ही अशी एक जागा आहे. जांघेतली पिशवी ही दुसरी, कारण ती खाली लोंबते आणि तिचं खालचं टोक बंद असतं. म्हणून सर्जनला तिथे पांढरट कडक दाणे दिसतात, अस्तर जाड झालेलं दिसतं, किंवा चिकट बुळबुळीत द्रव निघतो. रोग पोटात असतो, आणि त्याची पहिली खूण जांघेत सापडते. या घटनेची एक चांगली बाजूही आहे. पोट न उघडता तपासायला तुकडा मिळालेला असतो.

तिसरा प्रकार पिशवीच्या बाहेरचा. पुरुषांमध्ये अंडाकडे जाणाऱ्या दोरीभोवती चरबी असते आणि हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये चरबीची साधी गाठ अनेकदा निघते. ती निरुपद्रवी असते. पण गाठ खूप मोठी, टणक किंवा भराभर वाढलेली असेल तर ती लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कॅन्सर असू शकते. जांघेतल्या लसिकाग्रंथींमधला लिम्फोमा, म्हणजे त्या ग्रंथींचाच कॅन्सर, किंवा लहानपणी खाली न उतरलेल्या अंडातली गाठही हर्निया समजून टेबलावर येते.

बेंबीचा उल्लेख वेगळा करायला हवा. अमेरिकेत रॉचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये डॉ. विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत मदत करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ ऑपरेशनआधी पेशंटचं पोट स्वच्छ करत. पोटाचा कॅन्सर पसरलेल्या काही जणांच्या बेंबीत कडक गाठ हाताला लागते, हे त्यांच्या लक्षात आलं. ती गाठ आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बेंबीचा हर्निया दाबल्यावर मऊ लागतो आणि बहुतेकदा आत जातो. बेंबीत कडक, न हलणारी, कधी वरची कातडी फुटलेली गाठ असेल तर ‘बारका हर्निया आहे, बघू पुढं’ म्हणून सोडू नये.

दिसतं कॅन्सरसारखं, असतं दुसरंच

टेबलावर नुसतं बघून कुठलाही सर्जन कॅन्सरची खात्री देऊ शकत नाही, आणि देऊही नये. आपल्याकडे तर मुळीच नाही, कारण पोटाचा टीबी. पेरिटोनियमच्या टीबीतही अस्तरावर अगदी तसेच पांढरे दाणे असतात, पोटात पाणी असतं, वजन उतरलेलं असतं. इतकंच काय, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी करतात ती सीए-१२५ ही रक्ततपासणीसुद्धा टीबीत वाढलेली येते. एखाद्या बाईचं पोट फुगलंय, सीए-१२५ वाढलंय, पिशवीत दाणे आहेत, एवढ्यावर घरात रडारड सुरू होते. आणि आठ दिवसांनी कळतं की सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा टीबी आहे, आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

म्हणून शंका आली की तुकड्याचे दोन भाग करायला हवेत. एक फॉर्मलिनमध्ये, पेशी तपासायला. दुसरा साध्या सलाईनमध्ये, टीबीच्या जीन एक्सपर्ट आणि कल्चर तपासणीला. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे सगळाच तुकडा त्यात घातला तर टीबीचं कल्चर करता येत नाही. बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी जांघेत वाढलेल्या असू शकतात. हर्निया वारंवार अडकून आत-बाहेर होत असेल तर घर्षणाने अस्तराच्या पेशी वाढून गाठ झाल्यासारखं दिसतं. यातलं काहीही कॅन्सर नव्हे.

टेबलावर सर्जन काय करतात, आणि काय करत नाहीत

‘पोट उघडलंच होतं तर तिथंच सगळं काढून का टाकलं नाही?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो. काढलं नाही हे बरोबरच केलं. मूळ कुठे आहे ते माहीत नाही, सीटी स्कॅन झालेला नाही, कॅन्सर की टीबी हे ठरलेलं नाही. लिम्फोमा असेल तर तो औषधांनी बरा करायचा आजार आहे, त्यात मोठं ऑपरेशन लागतच नाही. आतड्याचा कॅन्सर असेल तर भोवतालच्या लसिकाग्रंथींसह ठरवून काढायला हवा. किमान १२ ग्रंथी तपासायला मिळाव्यात असं मानतात. जांघेतल्या चार बोटांच्या छेदातून ते होत नाही. आतडं अडकलंय, काळं पडलंय, फुटलंय असं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जीव वाचवायला जे लागेल ते तिथंच करतात. आतड्यातली घाण बाहेर आली असेल तर बहुतेक सर्जन जाळी टाळून फक्त टाके घालतात, कारण जाळीत जंतू बसले तर जखम चिघळते आणि किमो लांबते.

कायदाही हेच सांगतो. पेशंटने हर्नियाच्या ऑपरेशनला संमती दिलेली असते, पोटातला अवयव काढायला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशय डॉक्टरांनी तिच्या आईच्या संमतीवर काढले होते. पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर स्वतः ठरवू शकते आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर नातेवाइकाची संमती चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

अजून एक. जांघेच्या हर्नियाचं ऑपरेशन बऱ्याचदा कमरेखालचा भाग बधिर करून होतं. पेशंट जागा असतो. पडद्याआडून सगळं ऐकतो. सर्जनचा आवाज बदललेला, ‘पॅथॉलॉजीला फोन करा’ हे शब्द, मग शांतता. नातेवाइकांना वाटतं, बाबांना अजून काही माहीत नाही. बाबांना पहिल्यांदा कळलेलं असतं.

बरणी आणि रिपोर्ट

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथे आहे, ऑपरेशनमध्ये नाही.

तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात पॅथॉलॉजिस्ट नसतो. तुकडा बरणीत घालून सांगलीला किंवा मिरजेला पाठवतात, आणि अनेकदा ती बरणी नातेवाइकांच्याच हातात देतात. ती घेताना बघा: बरणीवर पेशंटचं पूर्ण नाव, तारीख, कुठल्या बाजूचा तुकडा हे लिहिलंय का, आणि तुकडा फॉर्मलिनमध्ये पूर्ण बुडालाय का. साध्या पाण्यात ठेवलेला तुकडा सडतो, मग जगातला कुठलाही पॅथॉलॉजिस्ट काही सांगू शकत नाही. बरणी त्याच दिवशी पोचवा. सोबतच्या चिठ्ठीत सर्जननी काय पाहिलं हे लिहिलेलं असू द्या, ‘हर्निया सॅक’ एवढंच नको.

‘आता बरं वाटतंय, उगाच लॅबचा खर्च कशाला’ म्हणून बरणी कपाटावर राहते, असंही होतं. आणि रिपोर्ट तयार होऊन लॅबमध्ये पडून राहतो, असं त्याहून जास्त होतं. टाके निघतात, दुखणं थांबतं, माणूस रानात जायला लागतो. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट मागायला जाणं हे घरातल्या एका माणसाने अंगावर घेतलं पाहिजे, नाव ठरवून. काहींचं साधं हर्निया ऑपरेशन असतं आणि पिशवी तपासायला पाठवलेलीच नसते. त्यात चूक नाही. पिशवी नेहमीसारखी दिसत असेल तर अनेक सर्जन पाठवत नाहीत, कारण त्यातून क्वचितच काही निघतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर पिशवी बऱ्याचदा कापलीच जात नाही, नुसती आत ओढतात. पण ‘वेगळं दिसलं’ असे शब्द सर्जननी उच्चारले असतील, तर तुकडा गेलाच पाहिजे.

मूळ कसं शोधतात

रिपोर्टमध्ये ‘मेटास्टॅटिक अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ असं लिहून आलं तर अर्थ एवढाच: ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर आहे आणि तो दुसरीकडून इथे आलाय. त्याच रिपोर्टच्या तळाशी बहुधा ‘आयएचसी करावी’ अशी सूचना असते. या तपासणीत त्याच तुकड्याच्या पातळ कापांवर रसायनं टाकून पेशींवरची प्रथिनं ओळखतात. सीके-२० आणि सीडीएक्स-२ आढळलं तर बोट आतड्याकडे जातं, पॅक्स-८ आढळलं तर बाईच्या बाबतीत अंडाशयाकडे. या खर्चात काटकसर करू नका. चुकीच्या मुळावर दिलेली किमो त्याहून कितीतरी महाग पडते, आणि माणूस थकतो ते वेगळंच.

याबरोबर छाती-पोटाचा सीटी स्कॅन, गरजेप्रमाणे घशातून आणि गुदद्वारातून दुर्बीण, वयस्क पुरुषात प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी, तरुण मुलात अंडाची सोनोग्राफी आणि अंडातल्या गाठीसाठी एएफपी, बीटा एचसीजी या रक्ततपासण्या. रक्ताच्या या तपासण्या दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत.

आणि मग उत्तरं किती वेगवेगळी येतात ते बघा. अंडातल्या गाठी पसरल्या तरी औषधांनी बऱ्या होऊ शकतात. लिम्फोमाचे अनेक प्रकार पूर्ण बरे होतात. पिशवीत उतरलेल्या आतड्यापुरता कॅन्सर असेल तर तो इतर कुठल्याही आतड्याच्या कॅन्सरसारखा ऑपरेशनने निघून जाऊ शकतो. अपेंडिक्समधून आलेला बुळबुळीत द्रवाचा आजार हळू वाढतो. पोटातून तो सगळा काढून गरम किमोने आतलं धुतात आणि कित्येक जण पुढे बरीच वर्षं जगतात. अंडाशयाचा कॅन्सर अस्तरावर पसरलेला असला तरी किमोला चांगला प्रतिसाद देतो. जठराचा किंवा स्वादुपिंडाचा अस्तरावर आला असेल तर मात्र तो बरा होणं अवघड असतं. तिथे त्रास कमी ठेवणं आणि चांगले दिवस वाढवणं हे उपचाराचं ध्येय असतं, आणि डॉक्टरांनी ते तसं स्पष्ट सांगायला हवं. काही वेळा सगळ्या तपासण्या करूनही मूळ सापडत नाही. तेव्हाही पेशींच्या स्वभावावरून किमो ठरवता येते.

‘चाकू लावला की पसरतो’ हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. पिशवीतला तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही; तो तिथे पोचलेलाच होता. दोन अपवाद खरे आहेत. अंडाच्या गाठीत वृषणाच्या कातडीतून सुई घालत नाहीत, आणि चरबीचा कॅन्सर अर्धवट कापला गेला असेल तर तिथे पुन्हा मोठं ऑपरेशन करून भोवतालचा भाग काढावा लागतो. अशा वेळी थांबायचं नाही.

‘डॉक्टर, बाबांना काही बोलू नका’ ही विनंती प्रेमापोटीच होते. पण पुढे किमोच्या खुर्चीत बाबांनाच बसायचंय, सहीही त्यांचीच लागणार. ज्यांना उपचार घ्यायचा त्यांनाच आजार माहीत नाही, असं घर मला कधी पटलं नाही. एकदम सगळं नका सांगू. ‘तुकड्यात खराबी निघालीय, मूळ शोधतोय’ एवढं खरं तरी सांगा.

ऑपरेशनआधी काय बघावं

हर्निया असलेल्या प्रत्येकाची दुर्बिणीने आतडी तपासण्याची गरज नाही. पण काही गोष्टी सर्जनना आपणहून सांगा. पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली, शौचातून रक्त जातं, कारण नसताना वजन उतरलं, थोडं खाल्लं तरी पोट भरतं, कपडे पोटाला घट्ट होतायत. बायका या शेवटच्या दोन तक्रारी वर्षानुवर्षं ‘गॅस आहे’ म्हणून अंगावर काढतात. जांघेतली गाठ कडक आहे आणि झोपल्यावरही आत जात नाही, हेही सांगा. आणि फिटनेससाठी केलेल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन बघा. वयस्क पुरुषाचं हिमोग्लोबिन ८ असेल तर रक्ताची बाटली चढवून हर्निया उरकणं हा उपाय नव्हे. रक्त कुठे चाललंय ते आधी शोधायला हवं.

उपचार कुठे घ्यायचे याला आता पर्याय आहेत. मिरजेत १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून लांबलांबची माणसं तिथे इलाजाला येत आली आहेत. १९६२ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, श्री सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे, कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधी विचारून घ्या.

मुंबईला टाटाला जायचं ठरलं, तर महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसण्याआधी लॅबमधून दोन गोष्टी मागून घ्या: काचेच्या स्लाइड आणि तुकड्याचा मेणातला ब्लॉक. लॅब सही घेऊन देते. सोबत सर्जनच्या हातची ऑपरेशन नोट आणि सीटीची सीडी. ब्लॉक नसेल तर तिथले पॅथॉलॉजिस्ट आयएचसीसारख्या पुढच्या तपासण्या करू शकत नाहीत आणि पुन्हा तुकडा काढायची वेळ येऊ शकते. काम झाल्यावर ब्लॉक परत मागा आणि सांभाळून ठेवा, उन्हात नको, मेण वितळतं. कुठलं औषध लागू पडेल हे ठरवायला जनुकांच्या तपासण्या पुढे त्याच ब्लॉकवर होतात, कधीकधी काही वर्षांनीसुद्धा.